आरोपी ‘अशोक कुमार’, कलावंत ‘अज्ञात’

दिल्ली हायकोर्टात एक पद्धत आहे. कॉपीराइटचा भंग नेमका कोण करतंय हे फिर्यादीला माहीत नसेल, तर त्या अनोळखी माणसाला कागदोपत्री ‘अशोक कुमार’ म्हणायचं आणि त्याच्याविरुद्ध मनाई हुकूम काढायचा. इंग्रजी कायद्यात याच माणसाला ‘जॉन डो’ म्हणतात. २००२ मध्ये फुटबॉल विश्वचषकाचं प्रक्षेपण परवान्याशिवाय दाखवणाऱ्या केबलवाल्यांविरुद्ध या कोर्टाने असा हुकूम दिला आणि पुढे ही वाट रुळली. २०१९ मध्ये कोर्ट आणखी पुढे गेलं. बंद केलेली वेबसाइट दुसऱ्या पत्त्यावर पुन्हा उभी राहिली, तर नवा दावा न लावता तीही बंद करता येईल असं ठरलं. थोडक्यात, ज्याचं नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही, अशा आरोपीला गाठण्याची पूर्ण तयारी आपल्या व्यवस्थेकडे आहे.

आता एखादा डिजिटल कलासंग्रह उघडा. वारली चित्र, पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी, बिहारच्या दुसाध बायकांचं गोदना शैलीतलं चित्र, असं काहीही शोधा. चित्राच्या खाली बहुतेकदा लिहिलेलं असतं, ‘कलाकार: अज्ञात’. नाहीतर नुसतं ‘लोककला’, ‘आदिवासी कला’. आणि त्याच्याही खाली, ‘सर्व हक्क राखीव’. हक्क कुणाचे? ज्या संस्थेने फोटो काढून चढवला तिचे. अनोळखी आरोपीसाठी कायद्याने नाव शोधून काढलं. अनोळखी कलावंताचं नाव शोधायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

माझं म्हणणं असं, की इंटरनेटवर कॉपीराइटची जी अंमलबजावणी चालते ती ज्याच्या हाती कागद आहे त्याची राखण करते. ज्याचे हात रंगात बुडाले होते तो तिच्या हिशेबात नसतो. आणि आपण, म्हणजे घरातले पहिले पदवीधर, या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभे आहोत. आपल्याला पुस्तकं, लेख, चित्रं मोकळी हवीत, कारण विकत घ्यायची ऐपत नाही. आपल्या माणसांची कला कुणी फुकटात लुटू नये असंही आपल्याला वाटतं. या दोन मागण्या एकमेकींना छेद देतात का, हे एकदा शांतपणे तपासायला हवं.

मी दिल्लीत समाजशास्त्रात पीएचडी करते. विषय आहे आंबेडकरी चित्रसंस्कृती. चैत्यभूमीवर सहा डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जी कॅलेंडरं, पोस्टरं, फोटो विकले जातात ते कुणी काढले, कुणी छापले, ते कुणाच्या भिंतीवर गेले, हे मी शोधते आहे. परभणीला माझ्या मावशीच्या घरी बाबासाहेबांचं एक चित्र आहे. जुन्या कॅलेंडरमधलं. फ्रेम करताना खालची पट्टी कापली गेली आणि तिच्याबरोबर तारखाही गेल्या, चित्रकाराची सही असलीच तर तीही गेली. अशी कापलेली चित्रं मी आजवर कितीतरी घरांत पाहिली. ज्या चित्रासमोर तीन पिढ्यांनी मेणबत्ती लावली, त्याचा चित्रकार कोण, हे त्या घरात कुणालाच सांगता येत नाही.

आपण विसरलो हे खरंच, पण कायद्यानेही हातभार लावला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं, की कुणी मोबदला देऊन चित्र किंवा फोटो काढून घेतला आणि वेगळा करार झाला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे एखाद्या पेंटरने चार पैशांसाठी छापखानदाराला बाबासाहेबांचं चित्र काढून दिलं, की ते चित्र छापखान्याचं. पुढे त्याच्या लाखभर प्रती खपल्या तरी पेंटरचा त्यात वाटा नाही. करार वाचायला, वकील गाठायला त्याच्याकडे काय होतं?

पण याच कायद्यात कलम ५७ आहे आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. कॉपीराइट विकला, दिला, गमावला, तरी हे काम माझं आहे असं सांगण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. कामाची मोडतोड करून त्याची अप्रतिष्ठा केली तरीही त्याला दाद मागता येते. पैशाचा हक्क हातातून गेला तरी नावाचा हक्क जात नाही.

हे कलम गाजलं ते दिल्लीतच. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी विज्ञान भवनाच्या भिंतीवर ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प केलं होतं. काम १९५७ मध्ये सरकारने दिलं, ते १९६२ मध्ये पुरं झालं. १९७९ मध्ये दुरुस्तीच्या नावाखाली ते उतरवून गोदामात टाकलं गेलं आणि त्याचे तुकडे झाले. सहगल १९९२ मध्ये कोर्टात गेले. फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग यांनी निकाल दिला: शिल्पाचे अवशेष कलावंताला परत करा आणि पाच लाख रुपये भरपाई द्या. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं, तरीही सरकारला त्याची वाट्टेल तशी वासलात लावता येत नाही, हे भारतात पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे सांगितलं गेलं.

विज्ञान भवनापासून फार दूर नाही, प्रगती मैदानाजवळ, राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय आहे. मिथिलेच्या चित्रकार गंगादेवी दिल्लीत कॅन्सरवर उपचार घेत होत्या, त्या काळात त्यांनी तिथल्या खोलीच्या भिंतींवर ‘कोहबर घर’ रंगवलं. त्यांना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली होती. १९९१ मध्ये त्या गेल्या. २०१५ मध्ये नूतनीकरणात त्या भिंती नाहीशा झाल्या. वृत्तपत्रांत हळहळ छापून आली आणि विषय संपला. कलम ५७ चा निकाल तेव्हा दहा वर्षं जुना झाला होता.

गंगादेवी दलित नव्हत्या, कायस्थ होत्या. त्यांचं नाव देशभर माहीत होतं. तरी त्यांच्या वाट्याला हे आलं, कारण सहगलांचं काम ‘कला’ होतं आणि त्यांचं ‘हस्तकला’. मग जितवारपूरच्या चानो देवींसारख्या, गोंदणाच्या खुणांतून स्वतःची शैली उभी करणाऱ्या दुसाध बाईचं काय? कला एकट्या माणसाची आणि हस्तकला समाजाची, ही विभागणी दिसायला निरागस आहे. पण बाबासाहेबांनी जातीबद्दल सांगितलं होतं की ती श्रमाचीच नाही तर श्रमिकांची विभागणी आहे, ते इथे जसंच्या तसं लागू पडतं. एकाच्या श्रमाला सही मिळते आणि दुसऱ्याच्या श्रमाला ‘परंपरा’ म्हणतात. परंपरेला वारसदार नसतो, बँक खातं नसतं आणि कोर्टात तिच्या वतीने कुणी उभं राहत नाही.

आपल्याकडचं उदाहरण वारलीचं. ही चित्रं मुळात लग्नाच्या वेळी सुवासिनी झोपडीच्या भिंतीवर काढत. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी पालघर-डहाणूच्या पाड्यांवर गेले, कागद दिले, आणि जिव्या सोमा म्हसे यांचं काम जगापुढे आलं. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज कपबशीवर, उशीच्या अभ्र्यावर, मोबाइलच्या कव्हरवर, हॉटेलच्या भिंतीवर वारली माणसं नाचताना दिसतात. त्यातल्या किती चित्रांचे पैसे पाड्यावर पोचतात? शैलीवर कॉपीराइट नसतो. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक संकेतांक मिळाला. ते चांगलं झालं, पण संकेतांक नावाची राखण करतो. ‘वारली’ हा शब्द न वापरता कुणी तेच त्रिकोण आणि तोच तारपा छापला, तर काय करायचं? आता तर एआयला सांगितलं की दहा सेकंदांत ‘वारली स्टाइल’ चित्र तयार होतं. आपल्या बातम्या न विचारता वापरल्या म्हणून एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये ओपनएआयला दिल्ली हायकोर्टात खेचलं. त्यांना ते परवडतं. डहाणूच्या चित्रकाराने कुठे जायचं?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग उपाय सरळ आहे, अंमलबजावणी आणखी कडक करा. पण कडक अंमलबजावणीचा फटका कुणाला बसतो, तेही बघू.

मागच्या वर्षी एका शोधनिबंधासाठी मला सहा जुनी चित्रं छापायची होती. दिल्लीतल्या एका सरकारी संग्रहाला मी लिहिलं. उत्तर यायला दोन महिने लागले, आणि एकेका चित्रामागे जी रक्कम मागितली ती माझ्या महिन्याच्या मेसबिलापेक्षा जास्त होती. केंद्रीय विद्यापीठात ज्यांना जेआरएफ नाही त्यांची पीएचडीची फेलोशिप महिन्याला ८,००० रुपये आहे. त्यात खोलीभाडं, प्रवास, झेरॉक्स, घरी पाठवायचे पैसे. मी सहाच्या सहा चित्रं निबंधातून काढली आणि त्यांचं वर्णन शब्दांत केलं. त्यातल्या चार चित्रांखाली ‘कलाकार अज्ञात’ असंच लिहिलेलं होतं. म्हणजे मी पैसे भरले असते, तरी ते कलावंताच्या घरी जाणारच नव्हते.

आता प्रश्न असा, की जुन्या चित्राचा सपाट, जसाच्या तसा फोटो काढला तर त्या फोटोवर नवा कॉपीराइट तयार होतो का? माझ्या मते होऊ नये. डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नुसती मेहनत आणि पैसा ओतला म्हणून कॉपीराइट मिळत नाही; थोडीतरी निर्मितीची चमक लागते. तो खटला कोर्टाच्या निकालांच्या छापील संग्रहांचा होता, चित्रांचा नव्हता. पण तर्क तोच आहे. स्कॅनरवर चित्र ठेवून बटण दाबण्यात कसली निर्मिती? जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी हे मान्य केलं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींची सुमारे ३,७५,००० छायाचित्रं कुठल्याही अटीशिवाय खुली केली. कुणीही घ्यावीत, छापावीत, विकावीत.

लंडनचं ब्रिटिश म्युझियम तितकं उदार नाही. आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पं त्यांच्याकडे आहेत. त्यांची छायाचित्रं वेबसाइटवर बघता येतात, बिगरव्यापारी कामासाठी वापरताही येतात. पण नागपूरच्या एखाद्या छोट्या बौद्ध प्रकाशकाने पन्नास रुपयांच्या पुस्तिकेवर ते शिल्प छापलं, तर ते व्यापारी ठरतं आणि वेगळी परवानगी लागते. शिल्पं इथल्या मातीतली, घडवणारे हात इथले, आणि परवाना लंडनचा. आपल्या देशातही राष्ट्रीय संग्रहालयांचे संग्रह पुण्याच्या सी-डॅकने केलेल्या ‘जतन’ प्रणालीवर चढवले गेले आहेत. काम मोलाचं आहे. पण हे काम करदात्यांच्या पैशांतून होतं, आणि माचिसच्या डबीवरचा कर आपल्या आईबापांनीही भरलेला आहे. मग विद्यार्थ्याने तिथलं चित्र वापरायला पुन्हा पैसे का मोजायचे?

संग्रहालय निदान ईमेलला उत्तर तरी देतं. यूट्यूब-इन्स्टाग्रामवर माणूसच नसतो. तिथे यंत्र चित्राशी चित्र ताडून बघतं आणि जुळलं की पोस्ट उडवतं. यूट्यूबवर नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक लागले की अख्खं चॅनल जाऊ शकतं. मे २०२५ मध्ये यूट्यूबर मोहक मंगल यांनी जाहीर आरोप केला, की काही सेकंदांच्या दृश्यांसाठी एएनआयने त्यांना स्ट्राइक दिले आणि मग लाखो रुपयांचा परवाना घ्यायला सांगितलं. आपण कायद्याने दिलेला हक्कच वापरतो आहोत, असं एएनआयचं म्हणणं होतं, आणि प्रकरण बदनामीच्या दाव्याच्या रूपाने दिल्ली हायकोर्टात गेलं. कोण बरोबर ते कोर्ट ठरवेल. मला त्यात दिसतं ते एवढंच, की चॅनल बंद होण्याची भीती दाखवली की सौदा कोर्टाबाहेरच होऊ शकतो.

भारताचा स्वतःचा नियम याहून बरा आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ म्हणतो, की लेखी तक्रार आली तर ३६ तासांत मजकूर रोखा. पण तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर तो परत दाखवता येतो. कलम ५२ टीका, समीक्षा, संशोधन आणि अध्यापनासाठी वापराची मुभा देतं. पण यंत्राला कलम ५२ कळत नाही. प्लॅटफॉर्मवर अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याची पद्धत चालते. तुम्हाला उलट नोटीस द्यायची असेल तर खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो, अमेरिकेतल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं, आणि ती नोटीस थेट तक्रारदाराच्या हातात जाते.

इथे जरा थांबा. जातविरोधी मजकूर टाकणारी आपली कितीतरी पानं नाव न लावता चालतात. का, ते तुम्हाला सांगायला नको. आडनाव कळलं की शिव्या येतात, कधी घरमालकाला फोन जातो, कधी कॉलेजात तक्रार होते. माझ्या ओळखीतल्या दोन मुली असं एक पान चालवायच्या. जुन्या नियतकालिकांतल्या जातीयवादी व्यंगचित्रांची चिरफाड करायच्या. स्ट्राइक आला. त्यांची बाजू भक्कम होती, पण नाव-पत्ता अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी पान बंद केलं. हक्क होता, पण तो वापरायची किंमत त्यांच्यासाठी वेगळी होती. एखाद्या सवर्ण मुलाला पत्ता देताना घरमालकाचा विचार करावा लागत नाही.

व्यंगचित्रांचं उदाहरण मुद्दाम दिलं. शंकर यांनी १९४९ मध्ये काढलेलं, गोगलगायीवर बसलेल्या बाबासाहेबांमागे चाबूक घेतलेले नेहरू दाखवणारं चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होतं आणि २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. ‘जुनं चित्र आहे, त्यात काय एवढं’ असं तेव्हा अनेक विद्वान म्हणाले. त्यानंतर उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रं शोधून, एकत्र करून २०१९ मध्ये ‘नो लाफिंग मॅटर’ हे पुस्तक केलं. ती चित्रं ओळीने समोर ठेवल्यावर हा एकट्या चित्राचा प्रश्न नव्हता, हे सिद्ध करायला फार शब्द लागत नाहीत. शंकर १९८९ मध्ये गेले. निधनानंतर साठ वर्षं या हिशेबाने त्यांच्या चित्रांचा कॉपीराइट २०४९ अखेरपर्यंत आहे. टीकेसाठी चित्र दाखवायची मुभाच नसती, तर आपल्या नेत्याचा अपमान कसा झाला हे दाखवायलाही अपमान करणाऱ्यांच्या वारसांची परवानगी लागली असती.

हा लढा आपण एकदा जिंकलोही आहोत, आणि तोही दिल्लीत. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्याशा दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. गुन्हा काय, तर अभ्यासक्रमातल्या पुस्तकांची प्रकरणं एकत्र करून विद्यार्थ्यांना झेरॉक्स देणं. विद्यार्थी संघटना करून खटल्यात उतरले, शिक्षकही उतरले. ज्यांची पुस्तकं होती त्यांतल्याच अनेक लेखकांनी दावा मागे घ्या म्हणून प्रकाशकांना लिहिलं. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला आणि कॉपीराइट हा काही दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, असं निकालात नोंदवलं. ‘दैवी हक्क नाही’ हे शब्द आपल्या कानाला किती ओळखीचे वाटतात! डिसेंबरमध्ये खंडपीठानेही शिकवण्यासाठीच्या प्रतींचा हक्क मान्य केला. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती नंदराजोगच होते, सहगलांना शिल्प परत देणारे. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला. गंमत अशी, की ज्या २०१२ साली ऑक्सफर्डने हा दावा लावला, त्याच साली त्यांनी ‘दलित आर्ट अँड व्हिज्युअल इमेजरी’ हा गॅरी टार्टाकोव्ह यांनी संपादित केलेला संग्रह छापला. आपली कला त्यांच्या यादीत आली. आपल्या मुलांनी ती झेरॉक्स करून वाचावी का, हे मात्र कोर्टाला ठरवावं लागलं.

सहगल आणि झेरॉक्स, हे दोन्ही निकाल शेजारी ठेवा. एकाने कलावंताचा हक्क वाढवला, दुसऱ्याने विद्यार्थ्याचा. दोन्ही एकाच न्यायाधीशाच्या हातून आले आणि त्यात विसंगती नाही. दोन्ही ठिकाणी कोर्टाने दुबळी बाजू कोणती ते पाहिलं. आपल्या दोन मागण्यांचंही तसंच आहे. वारली चित्रकाराची चोरी करणारी कंपनी आणि झेरॉक्स काढणारा विद्यार्थी, दोघांनाही ‘नक्कल करणारा’ म्हणणं म्हणजे सावकार आणि कूळ दोघांनाही ‘व्यवहार करणारा’ म्हणण्यासारखं आहे. नक्कल कोण करतंय, कुणाची करतंय, त्यातून कुणाचा गल्ला भरतोय, हे विचारल्याशिवाय नक्कल चांगली की वाईट ठरत नाही.

हाच प्रश्न आपल्या घरातही विचारला पाहिजे. एप्रिल आला की आपल्या तरुण चित्रकारांनी टॅबवर काढलेली बाबासाहेबांची, सावित्रीमाईंची, रमाईची चित्रं व्हॉट्सअॅपवर फिरतात. कोपऱ्यातली सही कापलेली असते. मग त्याचे फ्लेक्स होतात, टी-शर्ट होतात, नेत्यांचे फोटो बाजूला चिकटवले जातात. विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘बाबासाहेब सगळ्यांचे आहेत.’ हो, बाबासाहेब सगळ्यांचे आहेत. पण ते चित्र काढायला रात्रभर जागलेली पोरगी कुणाची तरी आहे, तिच्या टॅबचा हप्ता बाकी आहे. ज्या समाजाने वेठबिगारीविरुद्ध बंड केलं, त्याने समाजकार्याच्या नावाखाली आपल्याच पोरांकडून वेठ घेऊ नये. टी-शर्ट विकून पैसे मिळत असतील तर त्यात तिचा वाटा असला पाहिजे. जयंतीला मोफत लावायचं पोस्टर असेल तर निदान नाव असलं पाहिजे.

नाव जपून संग्रह कसा करायचा, याचा धडा मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. २०१७ पासून ‘पारी’ने त्या इंटरनेटवर आणल्या. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, जात आहे, अनेकींचे फोटो आहेत. ओवी हीसुद्धा ‘परंपरा’च. ती कुणा एकीने रचलेली नसेल, पण गायली कुणी हे सांगता येतं. मग लाख ओव्यांना जे जमलं ते चित्रांना जमणार नाही असं म्हणायला जागा उरत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सरकारी संग्रहांनी ‘अज्ञात’ लिहिण्याआधी गाव, समाज आणि कुटुंबापर्यंत शोध घ्यावा आणि जे सापडेल ते लिहावं. जुन्या कलाकृतीच्या सपाट फोटोवर हक्क सांगणं बंद करावं. विद्यार्थी, शिक्षक आणि छोट्या प्रकाशकांना तो मोफत द्यावा. हयात कलावंत किंवा त्यांचे वारस असतील, तर व्यापारी वापराचा पैसा त्यांच्यापर्यंत जावा आणि त्याचा हिशेब जाहीर असावा. प्लॅटफॉर्मने मजकूर काढण्याआधी माणसाने तो पाहावा, नोटीस मराठीत यावी, आणि उत्तर देणाऱ्याचा पत्ता कोर्टाच्या आदेशाशिवाय तक्रारदाराला देऊ नये.

काही गोष्टी मात्र मागायच्या नाहीत, करायच्या आहेत. तुम्ही चित्रं काढत असाल तर कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, हे लक्षात ठेवा. चित्र तयार झालं तेव्हाच हक्क तयार होतो. कुणाला पैसे घेऊन चित्र देत असाल तर कॉपीराइट माझ्याकडेच राहील अशी एक ओळ लिहून घ्या, मेसेजवर का होईना. स्ट्राइक आला तर घाबरून पान बंद करण्याआधी कलम ५२ वाचा आणि गावातल्या, कॉलेजातल्या एखाद्या आंबेडकरी वकिलाला गाठा; आपल्यात वकील कमी नाहीत. आणि घरी जुनं कॅलेंडर फ्रेमला द्यायचं असेल, तर फ्रेमवाल्याला सांगा, खालची पट्टी कापू नको.

जय भीम.